कुंकवाखालचं मेण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचं कुंकू. रोजचंच होतं. सकाळी कारखान्याचं दार उघडलं की ती उजेडाकडे तोंड करून उंबऱ्याच्या आत बसायची, पुढ्यात करंडा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे आरसा असून नसल्यासारखा. मग मी समोर उभा राहायचो. ती कपाळावर बोट टेकवायची आणि विचारायची, "मधी आलंय काय?"

"उजवीकडं घे. जरा."

तिनं बोट सरकवलं ते नेमकं उलट.

"अगं उजवीकडं!"

"तुमच्या उजवीकडं का माझ्या?"

"तुझ्या."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून कुणाची उजवी ते पहिल्या फटक्याला सांगता येत नाही. नि म्हणे गौरीचे डोळे आखतात."

तिनं जागा धरली, कुंकू दाबलं, बोटानं गोल फिरवून कड साफ केली. रुपयाएवढं कुंकू. हल्ली ते बसायचंही छान. आधी दुपारपर्यंत निम्मं कुंकू नाकावर गळलेलं असायचं, गेले काही महिने संध्याकाळपर्यंत हलत नव्हतं. मी म्हटलं, "मेण चांगलं मिळालंय या खेपेला." ती म्हणाली, "हो, नवीन आहे," आणि करंडा मिटून मांडीखाली सारला. गालातल्या गालात हसली पण. मी म्हटलं असेल काहीतरी बायकांचं.

"गोल आहे ना?"

"गोल आहे."

"बघा हां. वाकडं कुंकू घेऊन मी कुठं जायची नाही."

मग ती शेंगा सोलायला बसली आणि मी मातीला. एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी ती गेली. आधी ठाऊक असतं तर काही वेगळं बोललो असतो असं लोक म्हणतात. मी बोललो नसतो. मला येतच नाही.

मला लिहितासुद्धा फारसं येत नाही. चौथीत शाळा सुटली. आमचा गणपतीचा कारखाना, कल्याणात, कुंभारांच्या आळीला लागून. कारखाना म्हणजे पुढची एक लांब खोली, मागे राहायची एक, त्याच्या मागे मोरी. बाप पेणकडून आला, तेव्हापासून आम्ही इथले. मला अक्षर लागायचं ते मूर्तीच्या पाटाखाली गिऱ्हाइकाचं नाव घालण्यापुरतं. पण हे माझ्या मनातून जात नाही, म्हणून पोरीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे.

पोर म्हणजे माझी नात. मुलीची मुलगी. मुलगी बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं लग्न केलं, आणि स्वातंत्र्य आलं त्या वर्षी हिला आमच्याकडे आणून सोडली. सहा वर्षांची होती. एक फ्रॉक अंगावर, एक पिशवीत. तेव्हापासून आमच्या घरात आम्ही तिघंच. मी, माझी बायको आणि ती.

आता सरळच सांगतो. कोवळ्या पोरींनी तोंड रंगवलेलं मला बघवत नाही. किळस येते. कुणी मला जुनाट म्हणेल, म्हणू दे. जन्मभर मी तोंडंच रंगवली आहेत, रंगातलं मला कळतं. मूर्ती रंगवतात कारण खाली माती असते. मातीला रंग नाही, घाम नाही, लाज नाही. आधी अस्तर द्यायचं, पांढरं, सपाट. ते सुकलं की अंगरंग, मग गाल, मग ओठ, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी होईपर्यंत ती मूर्ती नसते, नुसता ऐवज असतो. आमच्या खोलीत श्रावणात शंभरभर तोंडं अशी ओळीनं बसलेली असायची, पांढरीफटक, बिनडोळ्यांची. परकी बाई आत आली की दचकायची.

तशी तोंडं रस्त्यावर हिंडायला लागली ती माझ्या डोळ्यांदेखत. आधी नव्हती. बायका हळद लावायच्या, काजळ घालायच्या, नटणं तेवढंच. फाळणी झाली, गावापलीकडे लष्कराच्या रिकाम्या बराकींत निर्वासितांची छावणी बसली. घरंदारं सोडून आलेली माणसं, पोटासाठी जे मिळेल ते विकायला बसायची. फण्या, रिबिनी, पावडरीचे डबे, स्नोच्या बाटल्या, ओठांना लावायची लाली. त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. विकणाऱ्याला पोट आहे. मला राग घेणाऱ्यांचा. तीन-चार वर्षांत आमच्या आळीतली एकूण एक पोर पावडर थापून शाळेत जायला लागली. तोंड पांढरं आणि मान काळी. हनुवटीखाली एक रेघ, जिथं अस्तर संपलं. उन्हात घाम आला की कानशिलावरून ओघळ उतरायचे, त्यांना माशा यायच्या. मी दारात बसून बघायचो आणि थुंकायचो.

"कुणावर थुंकताय?" बायको आतून विचारायची.

"रंगकाम बघतोय. एकीलाही हात सारखा फिरवता येत नाही. ढेकळं दिसतायत गालावर."

"मग जा नि शिकवा त्यांना."

तिला हसायला काही लागायचं नाही. म्हणायची, "अहो, बायकांची तोंडं रंगवून तुम्ही आम्हाला खायला घालता आणि कुणी स्वतःचं रंगवलं की तुम्हाला मळमळतं."

"त्या देव्या आहेत."

"आखणी होईपर्यंत ऐवज असतो म्हणता ना?"

तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही.

नुसत्या पोरींची किळस यायची असंही नाही. डोंबिवलीला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. तिच्याकडे एका लग्नाला गेलेलो. मांडवात वरपक्षाच्या पाच-सहा पोरी ओठ रंगवून आलेल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या. भात खाताना ओठांचा रंग भाताला लागत होता. मला घास जाईना. माझ्या पंगतीत बसलेले पांढऱ्या मिशांचे बाप्ये एकमेकांत म्हणत होते, काय ही थेरं, काय हे दिवस आले. तोंडानं हे, आणि डोळे पोरींवरून हटत नव्हते. माना वळवून वळवून बघत होते. जिलबी वाढायला पोरी आल्या तर दोन-दोनदा मागून घेतली. त्या पोरींच्या ओठांपेक्षा ह्या बाप्यांच्या तोंडांनी मला जास्त ढवळून आलं. तेव्हा वाटलेलं, आपण त्यांच्यातले नाही.

आमची पोर पंधरा वर्षांची झाली. सावळी, आईसारखी, डोळे मोठे. मुलींच्या शाळेत नववीत होती. हात इतका स्थिर की गौरीच्या मुखवट्यांचे ओठ मी तिला करायला द्यायचो. एका दमात ओढायची, श्वास रोखून. मला वाटायचं, कारखाना हिच्या हातात राहील. पोरगी असली म्हणून काय झालं.

जेठ महिन्यात तिचं दप्तर कोनाड्यातून पडलं आणि त्यातून एक पितळी नळी घरंगळत माझ्या पायाशी आली. टोपण काढून बघितलं तर लाली. वास असा की सडकं फळ नि अत्तर एकात कालवलंय. मी ती दोन बोटांत उंदराच्या शेपटीसारखी धरली आणि बायकोपुढं टाकली.

"ही काळ्या तलावात फेकून ये. आत्ता."

"कुणाची आहे?"

"तुझ्या लाडकीची."

पोर दारातच उभी होती. म्हणाली, "आजोबा, वर्गात सगळ्यांकडे आहे. मी अजून लावलीसुद्धा नाही."

"लावायची पण नाही. बाजारचा घाणेरडा माल माझ्या घरात नको. कशात काय घालतात कुणाला ठाऊक."

बायको नळी पदरात बांधून गेली आणि घटकाभरानं आली. "टाकली का?" मी विचारलं. "टाकली," ती म्हणाली. विषय संपला असं मी धरून चाललो.

श्रावणात, मंगळवारी, आळीत एकीकडे मंगळागौर होती. पोरीच्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीची. पोरींना खेळायला बोलावलेलं. आमच्या घरातून बाहेर पडायचं तर कारखान्यातूनच जावं लागतं, दुसरं दार नाही. खोलीत गणपती दाटीनं मांडलेले, मी पाटावर, आणि समोर ठाण्याचं एक जुनं गिऱ्हाईक गौरीचे मुखवटे निवडत होतं. म्हातारा, माझ्याच वयाचा, छत्री, उपरणं, सभ्य माणूस. वीस वर्षं आमच्याकडून मुखवटे न्यायचा.

पोर आतून आली. हिरवं परकर-पोलकं, वेणीत तेरड्याची फुलं. उजेडात आली नि माझ्या हातातला कुंचला थांबला. तिनं तोंड रंगवलेलं. पावडर नव्हे, अंगरंग. मी गौरींसाठी कालवलेला, सफेदा, पिवडी नि किंचित गेरू, डिंकात घोटलेला, तो. गालांवर गुलाबी फिरवलेला, कडा विरवून, मी शिकवलं तसा. आणि ओठांना लालभडक हिंगूळ. काम सुरेख होतं, तेही सांगतो. ढेकळं नव्हती, मानेपर्यंत उतरवून आणलेला. पण डिंक सुकला की आकसतो. ती हसली तसा गालावरचा रंग तडकला आणि भेगांमधून खालचं सावळं कातडं दिसलं.

"हे काय आहे?"

ती आणखी हसली. "आजोबा, बाजारचं नको म्हणालात ना. हे घरचं आहे. गौरीला लावतो तेच. तुमच्याच करवंटीतलं."

आज मला कळतं की ती मला दाखवायलाच आलेली. माझ्या पसंतीला उतरेल असं तिला वाटलेलं. देवीला चालतं ते आजोबांना चालेल. आमच्या घरात वाढलेल्या पोरीच्याच डोक्यात हे येऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या पोरीला गौरीचा रंग आपल्या गालाला लावायचं सुचेल?

तेव्हा मला हे काही सुचलं नाही. मला फक्त दिसलं की गिऱ्हाईक बघतंय. आणि मी त्याला म्हणालो, "ही पण घेऊन जा. रंगवून तयार आहे, नुसती आखणी राहिलीय."

म्हातारा हसला. चष्मा सावरून तिला वेणीपासून पायापर्यंत बघून घेतलं, सावकाश, जसा मुखवटा हातात फिरवून बघतात तसं. म्हणाला, "आखणीही झालेलीच दिसते की."

डोंबिवलीच्या मांडवातले बाप्ये मला आठवले. तीच नजर. आणि ह्या खेपेला ती मी बोलावलेली. त्याला घराबाहेर काढायला पाहिजे होतं. ते मी केलं नाही. उठलो आणि पोरीला धरली. पाटाशी एक फडकं पडलेलं, लाकडी पाटांच्या तेलरंगाचे कुंचले पुसायचं, घासलेटनं भिजलेलं. त्यानं तिचं तोंड पुसायला लागलो. घासलं. भांडं घासतात तसं.

पुष्कळदा मनाशी म्हटलंय की हिंगूळ विषारी असतो, पोटात गेला तर माणूस जातो, म्हणून मी घाबरलेलो. खोटं आहे ते. हिंगूळ मला नंतर आठवला. आणि डिंकातला रंग साध्या पाण्यानं निघतो, हे कल्याणात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पाण्याची बादली हाताशी होती.

बायको आतून चाचपडत आली, दोन गणपतींना पदर लागला तिचा. "सोडा तिला! मातीचं नाही, माणसाचं तोंड आहे ते!" तिनं पोरीला माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मोरीवर नेलं. पोर रडली नाही, ओरडली नाही. डोळे मिटून उभी होती, बस. आठ दिवस तिच्या गालांची सालं निघत होती. बायको खोबरेल लावायची.

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाइकाला मी मुखवटे बांधून दिले. पेंढा घालून, नीट. तो म्हणाला, "बरं केलंत, वेळेवर आवरलेलं चांगलं." मी मान हलवली. रंगलेल्या पोरींची मला येते ती किळस एकीकडे, आणि त्या दिवशी पेंढा भरताना स्वतःच्या हातांची आली ती एकीकडे. ती दुसरी कमी झालेली नाही.

त्या दिवसापासून पोर माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, उलट उत्तर नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, माझं धोतर वाळत घालायची. शब्द नाही. मुखवट्यांचे ओठही केले नाहीत पुन्हा. कुंचला समोर ठेवला तरी बघायची नाही. बोलायचंच झालं तर आजीच्या मार्फत.

"आजी, आजोबांना सांग, पान वाढलंय."

मी तिथंच, हातभर अंतरावर.

"पोरीला सांग, भूक नाही."

"मी काय तुमच्या दोघांचं टपाल हापीस आहे?" बायको कावायची. "ती म्हणते जेवा, हे म्हणतात नको. तिकीट लावत जा माझ्या कपाळाला!"

गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी झाली. पाडव्याला पोरीनं मला वाकून नमस्कार केला, तोंड न उघडता. माझ्या तोंडात शब्द आलेला. तो बाहेर आला तो असा: "अभ्यास कर." बायकोनं कपाळावर हात मारून घेतला, ऐकू येईल एवढा.

एकदा दुपारी, पोर शाळेत असताना, बायको मला म्हणाली, "मी आहे तोवर चालेल तुमचं. मी गेले की कुणाच्या तोंडानं बोलाल?"

"तू कुठं चालली?"

"सगळे जातात. घरात तुम्ही दोघंच उराल, आणि भिंती. चूक झाली म्हणा तिला. दोन शब्द तर आहेत."

"तोंड रंगवलं तिनं. मी नाही."

"रंग तर मोरीवर दोन तांब्यांत गेला," ती म्हणाली. "ती तुम्ही पुसलं म्हणून नाही रुसलेली. तुम्ही तिला विकायला काढली त्या माणसापुढं, म्हणून."

मी उठून मातीकडे गेलो. मला तिचं म्हणणं पटलेलं. पण पटलं असं म्हणायचं कसं, तेच मला येत नव्हतं. पंधरा वर्षांच्या पोरीपुढं साठीच्या माणसानं काय म्हणायचं असतं, मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आज म्हणू, उद्या म्हणू, बायको आहे ना मधे, असं करत पौष आला.

आणि त्या पौषातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, बायको देवापुढच्या समईत तेल घालता घालता बाजूला कलंडली. पोरीनं आधी समई धरली, मग तिला. मी पुढच्या खोलीतून आलो तोवर संपलेलं. पोरीच्या मांडीवर डोकं, कपाळावर कुंकू तसंच. जराही न पसरलेलं.

सूर्य मावळलेला, बहीण यायची होती, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. आळीतली माणसं येऊन बसली. पोर एका कडेला, मी दुसऱ्या, मध्ये ती. त्या सगळ्या वेळात आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. ज्या बाईतून बोलायचो ती पडलेली होती.

सकाळी बहीण डोंबिवलीहून आली आणि आल्या आल्या सगळं हातात घेतलं. बायकांनी तिला न्हाऊ घातली. न्हाताना कुंकू गेलं. हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. कोरं कपाळ मी तिचं चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. ओळखू येईना.

"दादा, ये," बहीण म्हणाली. "सवाष्ण गेलीय. शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं असतं."

मला ठाऊक होतं. मी करंडा उघडला. वर फणी, मग कुंकवाची कोयरी, मग मेणाची डबी. डबीचं झाकण निघेना. बहिणीनं नखानं काढून दिलं. आतलं मेण वाळून पांढरं पडलेलं, मधोमध चिरलेलं, वर धूळ. महिनोन्‌महिने त्याला बोट लागलेलं नव्हतं. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मग डबीच्या खाली काय आहे ते दिसलं.

पितळी नळी. टोपण काढलं. लाली अर्ध्याहून जास्त झिजलेली, बोटाचा खळगा पडलेला.

"हे काय रे दादा?" बहीण म्हणाली.

पोर भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे तिला माहीत होतं.

सात महिने. सात महिने रोज सकाळी मी त्या कपाळासमोर उभा राहायचो, रंगातलं कळणारा मी, आणि म्हणायचो मेण चांगलं मिळालंय. दोघी माझ्यामागे किती हसल्या असतील. मेलेल्या बाईचा राग आला मला, खोटं कशाला सांगू. हातात करंडा नि समोर ती, आणि मी मनात तिच्याशी भांडत होतो. टाकली म्हणालीस. तलावात टाकली म्हणालीस.

मी नळी बाजूला ठेवली आणि मेण घेतलं. मेणच लावायचं, जन्मभर लावलं तसं. पण ते बोटावर मऊ होईना. कपाळ थंड, दगडासारखं. मेणाचे कण झाले, वर कुंकू दाबलं ते घसरून मिटलेल्या पापण्यांवर पडलं. पदरानं पुसलं, परत लावलं. परत पडलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पाण्यानं लाव रे," बहीण म्हणाली.

"ओघळेल."

"मग राहू दे जरासं. समजून घेतील. उशीर होतोय."

वाकडं कुंकू घेऊन मी कुठं जायची नाही, असं ती कालच म्हणालेली. ह्याच उंबऱ्यात.

मी नळी उचलली. टोपण काढलं तसा तो वास आला, सडकं फळ नि अत्तर. बोट खळग्यात घातलं. तिच्या बोटानं पडलेला खळगा, माझं बोट त्यात सैल बसलं. चिकट, तेलकट, किळसवाणं. ते बोट मी तिच्या कपाळाजवळ नेलं. शंभर गौरींचे डोळे एका बैठकीत आखणारा मी. डोळ्यांत पाणी आलेलं, मला मध्य दिसेना. भुवया कुठं, भांग कुठं, काही दिसेना. बोट टेकवलं आणि तसाच थांबलो. विचारायचं ते विचारून टाकलं, सवयीनं. कुणाला विचारतोय ते कळायच्या आत.

"मधी आलंय काय?"

बहीण काहीतरी म्हणणार होती. तिच्याआधी भिंतीकडून आवाज आला.

"उजवीकडं."

श्रावणापासून ऐकला नव्हता तो आवाज. जाडसर झालेला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हातून काम झालं नसतं.

"कुणाच्या?"

"आजीच्या."

मी तिच्या उजवीकडं घेतलं.

"अजून जरा. बस. आता खाली."

लाली लावली, गोल. वर कुंकू दाबलं. बसलं. कड बोटानं फिरवून साफ केली, ती करायची तशी. एक कण पडला नाही.

"गोल आहे?"

"गोल आहे."

मी टोपण लावलं आणि नळी पोरीपुढं धरली. तिनं लगेच घेतली नाही. बायका बघत होत्या, बहिणीचं तोंड उघडं राहिलेलं.

"वास घाण आहे ह्याचा," मी म्हणालो.

"आजीला आवडायचा."

"त्या माणसापुढं बोललो ते," मी म्हणालो, आणि पुढचे शब्द काही आले नाहीत. होते तेवढेच होते. तिनं नळी घेतली, मुठीत मिटली.

बाहेर कुणीतरी हाक मारली, सगळी तयारी झालीय म्हणून. बोटाची लाली मी धोतराला पुसली, पण ती निघाली नाही. तसाच उठलो आणि विस्तवाचं मडकं उचललं.